चेहरा, आरसा आणि विनय : त्वचारोगांविषयीची बौद्ध दृष्टी

गिरगाव हे नाव मराठी बौद्ध वाचकाला एका बागेमुळे परिचित आहे. चर्नी रोड स्थानकालगतची ही बाग आज स. का. पाटील उद्यान या नावाने ओळखली जाते. या बागेत वाचत बसणारा विद्यार्थी भीमराव आणि विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचा परिचय झाला. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. पुढचा इतिहास सर्वविदित आहे.

याच गिरगावात काही वर्षांपूर्वी आमचा पाली भाषेचा वर्ग चालत असे. एके दिवशी पाठ संपल्यावर एक वयोवृद्ध उपासिका मागे थांबल्या. त्यांनी विचारले, "सर, कोड हा शब्द पालीत आहे का हो?" असा प्रश्न विचारण्याचे कारण काय, असे आम्ही विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "नातीच्या गालावर पांढरा डाग उठलाय. ठरत आलेली सोयरीक फिसकटली. ते लोक म्हणाले, मागल्या जन्मीचं काहीतरी असणार. आपल्या धम्मातसुद्धा असंच लिहिलंय का?"

त्या दिवशी आम्ही त्यांना जे उत्तर दिले ते अपुरे होते. प्रस्तुत लेख हे त्या उत्तराचे पूर्ण रूप होय. त्वचेच्या, विशेषतः चेहऱ्याच्या, विकारांकडे पाली साहित्य कोणत्या दृष्टीने पाहते आणि ती दृष्टी आजच्या वैद्यकाशी कितपत जुळते, हे येथे पाहावयाचे आहे.

एका शब्दाचा प्रवास

प्रथम शब्दाचा विचार करू. संस्कृत 'कुष्ठ' याचे पाली रूप 'कुट्ठ' असे आहे. पुढे प्राकृतात त्याचे 'कोढ' झाले. हिंदीत 'कोढ़' म्हणजे महारोग. मराठीत मात्र त्याच शब्दाचे 'कोड' झाले आणि तो पांढऱ्या डागांच्या विकाराला लावला जाऊ लागला. हे दोन्ही विकार सर्वथा भिन्न आहेत. महारोग जंतूमुळे होतो. कोडात शरीराची संरक्षक यंत्रणा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते आणि त्या नष्ट होतात. कोड स्पर्शाने, सहवासाने वा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. शब्द एका रोगावरून दुसऱ्या रोगावर सरकला, आणि त्याबरोबर पहिल्या रोगाची भीतीही सरकली. उपासिकेच्या नातीला जे भोगावे लागले, त्याचे एक मूळ शब्दाच्या या इतिहासात आहे.

पाली साहित्यात त्वचाविकारांची नावे पुष्कळ आहेत. 'कण्डु' हा शब्द मराठीत 'कंड सुटणे' या प्रयोगात आजही जिवंत आहे. 'कच्छु' म्हणजे खरूज, 'दद्दु' म्हणजे नायटा वा गजकर्ण, 'पिळका' म्हणजे पुटकुळी, 'गण्ड' म्हणजे गळू. 'किलास' हा शब्द सामान्यतः डागांच्या विकारासाठी घेतला जातो. इतक्या नावांचा भेद करणारा समाज त्वचेचे निरीक्षण बारकाईने करीत होता, हे उघड आहे.

विनयपिटकातील औषधोपचार

महावग्गातील भेसज्जक्खन्धकात एक प्रसंग आहे. आयुष्मान आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना 'थुल्लकच्छु' हा विकार झाला होता. अंगातून पाझरणाऱ्या लसीमुळे चीवर शरीराला चिकटे, आणि भिक्खू पाणी लावून लावून ते सोडवीत असत. तथागतांनी हे पाहिले आणि कंड, पुटकुळ्या, स्राव वा खरूज असलेल्या भिक्खूंसाठी औषधी चूर्ण वापरण्याची अनुज्ञा दिली. अशा रुग्णासाठी 'कण्डुपटिच्छादि' नावाचे वेगळे वस्त्रही विहित केले आणि त्याचे माप ठरवून दिले : लांबी चार सुगत वीत, रुंदी दोन वीत. संपूर्ण प्रसंगात हा विकार का झाला, कोणाच्या दोषामुळे झाला, याविषयी एक अक्षरही नाही. चीवर चिकटते ही अडचण आहे आणि चूर्ण हा तिचा उपाय आहे, एवढेच विनय सांगतो.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कुट्ठ, गण्ड, किलास, सोस (क्षय) आणि अपमार (अपस्मार) हे पाच विकार असलेल्यास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम विनयात आहे, आणि उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला याविषयी आजही विचारले जाते. मग संघानेही रुग्णांना दूर ठेवले असे म्हणावयाचे काय? नियमाची पूर्वपीठिका वाचल्यास उत्तर मिळते. मगधात या पाच रोगांची साथ होती. लोक जीवकाकडे उपचारासाठी धाव घेत. पण राजा बिंबिसार, त्याचे अंतःपुर आणि भिक्खुसंघ यांच्या सेवेतून जीवकाला सवड नव्हती. तेव्हा रुग्ण भिक्खू होऊन उपचार करून घेऊ लागले आणि बरे होताच चीवर सोडून जाऊ लागले. असा एक मनुष्य जीवकाच्या दृष्टीस पडला, त्याने तथागतांना विनंती केली, आणि नियम झाला. तेव्हा हा नियम व्यवस्थेसाठी होता. त्यात विटाळाची कल्पना नाही आणि पापाचीही नाही. आजच्या दृष्टीने तो कठोर वाटतो हे आम्हांस मान्य आहे. तथापि त्याचे कारण ग्रंथाने लपविलेले नाही.

मुख आणि आरसा

चेहऱ्याविषयी विनयात स्वतंत्र नियम आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसते. चुल्लवग्गातील खुद्दकवत्थुक्खन्धकात छब्बग्गिय भिक्खूंची हकीकत येते. ते तोंडाला लेप लावीत, चूर्ण फासत, मनशिळेने तोंड रंगवीत. लोक म्हणू लागले की हे तर कामभोगी गृहस्थांसारखेच वागतात. तथागतांनी हे सर्व निषिद्ध केले. परंतु पुढे एका भिक्खूला नेत्रविकार झाला, तेव्हा आजाराच्या कारणाने मुखाला लेप लावण्यास त्यांनी अनुज्ञा दिली.

आरशाचा नियमही असाच आहे. आरशात किंवा पाण्याच्या भांड्यात आपले मुख न्याहाळणे निषिद्ध ठरले. त्यानंतर एका भिक्खूच्या तोंडावर व्रण झाला. तो सोबत्यांना विचारू लागला, माझा व्रण कसा दिसतो? त्यांनी सांगितले, पण त्याची खात्री पटेना. हे तथागतांच्या कानी घातले गेले, तेव्हा आजाराच्या कारणाने आरशात मुख पाहण्यास अनुज्ञा मिळाली. जंताघरात, म्हणजे उष्ण स्नानगृहात, विस्तवाच्या धगीने तोंड भाजू लागले तेव्हा तोंडाला लावावयाची माती, 'मुखमत्तिका', हीदेखील विहित झाली. तिला दुर्गंधी येते अशी तक्रार झाली, तेव्हा ती सुवासिक करण्यासही मोकळीक दिली गेली.

या नियमांमागील तत्त्व एकच आहे. आरसा तोच, लेप तोच. प्रश्न हेतूचा आहे. चेहरा इतरांनी वाखाणावा म्हणून आरसा पाहणे भिक्खूला वर्ज्य आहे. चेहऱ्यावर काय झाले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी जाणून घेण्यासाठी आरसा पाहणे योग्य आहे. हे नियम भिक्खूंसाठी आहेत, गृहस्थ उपासकावर त्यांचे बंधन नाही. तरीही त्यांतील विवेक गृहस्थाच्याही उपयोगाचा आहे असे आमचे मत आहे.

छवि आणि तच

प्रव्रज्येच्या वेळी नवदीक्षिताला जे पहिले ध्यानाचे विषय दिले जातात त्यांत केस, लोम, नख, दंत आणि पाचवा 'तच' म्हणजे त्वचा असतो. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात या तचाचे वर्णन केले आहे. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने प्रकाशित केली. त्याच संस्थेची वास्तू आज गिरगाव चौपाटीजवळ उभी आहे.

बुद्धघोष म्हणतात की सर्व शरीराला वेढून असलेल्या त्वचेवर आणखी एक पातळ पापुद्रा असतो, त्याला 'छवि' म्हणतात. काळा, सावळा, पिवळा हे रंग या छवीचे आहेत. सगळ्या अंगावरची छवि गोळा केली तरी ती बोराच्या आठळीएवढीच भरेल. तिच्याखालची त्वचा मात्र सर्वांची पांढरीच असते. भाजल्याने किंवा मार लागून छवि निघाली की हे दिसून येते.

आधुनिक शरीरशास्त्र हेच वेगळ्या शब्दांत सांगते. रंगद्रव्य असते ते बाह्यत्वचेत. ते निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारखीच असते. त्या रंगद्रव्य किती आणि कशा प्रकारचे तयार करतात यावर वर्ण अवलंबून असतो. हे रंगद्रव्य प्रखर उन्हापासून त्वचेचे रक्षण करते. पालीत 'वण्ण' या एकाच शब्दाचे रंग, कांती आणि चातुर्वर्ण्यातील वर्ण असे तिन्ही अर्थ होतात. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात तथागत दाखवून देतात की पशू, पक्षी, मासे यांच्यात जातीची चिन्हे शरीरावर दिसतात. मनुष्यात मात्र केस, डोळे, मुख, नाक, ओठ किंवा रंग यांपैकी कशातही तसा भेद आढळत नाही. ज्या समाजाला या देशाने वर्णाच्या नावाखाली शतकानुशतके जाळले, त्या समाजाच्या घरात वधूच्या रंगाची चौकशी व्हावी, हे आम्हांस लज्जास्पद वाटते.

बाजाराने या दुर्बलतेचा पुरेपूर लाभ घेतला आहे. १९७५ मध्ये भारतात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमच्या नावातील गोरेपणाचा शब्द २०२० मध्ये वगळला गेला. मनातील शब्द तसाच आहे. याहून घातक प्रकार म्हणजे स्टिरॉइड असलेली मलमे. ती लावताच चेहरा उजळल्यासारखा दिसतो आणि खाज थांबते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाली येते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम उठतात, आणि मलम थांबवताच आग होते. गजकर्णावर हे मलम लावल्यास रोग दबल्यासारखा वाटून पसरत जातो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तथापि शेजाऱ्याने सांगितलेली नळी घेऊन येण्याची सवय अद्याप गेलेली नाही.

कम्म की आजार?

आता उपासिकेच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात मोळियसीवक परिव्राजक विचारतो : मनुष्य जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकृत कर्मामुळे होते असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, यावर आपले मत काय? तथागत पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुपालट, अयोग्य राहणी, आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे मोजतात. सर्व काही पूर्वकर्मानेच होते असे म्हणणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाचे आणि लोकमान्य सत्याचे उल्लंघन करतात, असा त्यांचा निर्णय आहे. कर्मविपाक हे आठांतील एक कारण म्हणून येते हे आम्ही लपवीत नाही. पण प्रत्येक रोगाला पूर्वजन्माचे कारण चिकटवणे हे मूळ सुत्ताच्याच विरुद्ध आहे, हे त्याहून महत्त्वाचे.

उदानात सुप्पबुद्ध नावाच्या महारोग्याची कथा आहे. राजगृहातील हा दरिद्री मनुष्य गर्दी पाहून, अन्न वाटले जात असेल या आशेने, धम्मसभेकडे येतो. तथागत सभेवरून दृष्टी फिरवतात आणि धम्म समजण्यास हाच योग्य आहे असे ओळखून त्याला अनुलक्षून उपदेश करतात. पुढे ग्रंथात त्याच्या रोगाचे कारण म्हणून पूर्वजन्मीची एक कथा येते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सुप्पबुद्धाची दीक्षा सांगितली, पण पूर्वजन्मीचा भाग घेतला नाही. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. ज्या तर्काने महारोग्याला त्याच्या रोगाचा अपराधी ठरवले जाते, त्याच तर्काने अस्पृश्यालाही त्याच्या अस्पृश्यतेचा अपराधी ठरवले गेले होते.

धम्मपदाच्या अट्ठकथेत पूतिगत्त तिस्साची कथा आहे. अंगावरचे फोड फुटून दुर्गंधी सुटल्याने सोबत्यांनी त्याला सोडून दिले. तथागतांनी स्वतः पाणी तापवले, त्याचे चीवर धुवविले, त्याला कोमट पाण्याने स्नान घातले आणि मगच उपदेश केला. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

मुंबईतील परंपरा

या मुंबईत त्वचारोगाचा आणि बौद्ध विद्येचा धागा एका पुरुषाच्या ठायी एकत्र आलेला दिसतो. डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांच्या वाचनात त्यांचा मोठा वाटा आहे. आणि महारोगावरील औषधाच्या शोधासाठीही त्यांनी अनेक वर्षे वेचली. कडू कवठीच्या बियांचे तेल हा त्यांचा उपाय होता. १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधीच, १८७३ मध्ये, नॉर्वेत हॅन्सन यांनी महारोगाचा जंतू पाहिला होता. १८९० मध्ये वडाळ्याजवळ महारोग्यांसाठी संस्था उभी राहिली. आयुक्त ॲकवर्थ यांचे नाव धारण करणारे महानगरपालिकेचे ते रुग्णालय आजही आहे.

त्या काळी रुग्णाला समाजातून उचलून दूर ठेवणे हाच मुख्य उपाय होता. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आला आणि चित्र पालटले. सहा किंवा बारा महिने औषध घेतल्यास महारोग बरा होतो, ते विनामूल्य मिळते, आणि उपचार सुरू होताच रुग्णापासून संसर्गाची भीती थोड्याच काळात नाहीशी होते. कायदाही उशिरा का होईना बदलला. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात महारोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते २०१९ मध्ये काढून टाकण्यात आले.

घरात काय करावे

विनयातील आरशाचा उपयोग आपल्या घरात असा करता येईल. अंगावर फिकट डाग दिसला तर तो लपवू नये. त्या जागी स्पर्श, ऊन-गार समजते का ते पाहावे. बधिरता असल्यास विनाविलंब रुग्णालयात जावे, कारण ते महारोगाचे लक्षण असू शकते. प्रत्येक पांढरा डाग कोडाचा नसतो; मुलांच्या गालावरचे फिकट चट्टे पुष्कळदा कोरडेपणाचे असतात, आणि घामट हवेत छाती-पाठीवर येणारी शिबं बुरशीमुळे असते. कोडावरही उपचार आहेत आणि ते लवकर सुरू केल्यास अधिक उपयोगी पडतात. तारुण्यातील मुरूम हे संप्रेरकांमुळे व तैलग्रंथींमुळे येतात. ते फोडू नयेत, त्यामुळे व्रण राहतात. वांग उन्हाने वाढते, म्हणून छत्री व ऊनरोधक मलम उपयोगी. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुणे पुरेसे. घासून घासून कोणाचा रंग बदललेला नाही. चाळीतल्या एका खोलीत पाच-सात माणसे राहतात तेथे खरूज झाल्यास सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे, टॉवेल व अंथरूण वेगळे ठेवून गरम पाण्यात धुवावे. अन्यथा ती घरातल्या घरात फिरत राहते. गिरगावकरांना मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय दूर नाही. त्याचे संस्थापक डॉ. आनंदराव नायर हे बौद्ध होते, आणि त्या आवारात आनंद विहारही आहे. रुग्णालय आणि विहार शेजारी असावेत हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

उपसंहार

त्या उपासिकेला सांगावयाची राहून गेलेली एक कथा येथे सांगतो. दीघनिकायाच्या अट्ठकथेत कोलियांच्या उत्पत्तीची आख्यायिका आहे. शाक्य राजपुत्रांच्या थोरल्या बहिणीला, प्रियेला, कुट्ठरोग झाला. अंगावर कोविदाराच्या फुलांसारखे डाग उठले. भावांनी तिला अरण्यात नेऊन, खड्ड्यात अन्नपाणी ठेवून, वरून झाकून टाकले. त्याच अरण्यात वाराणसीचा राजा राम राहत होता. त्यालाही हाच रोग झाला होता, अंतःपुराने त्याचा तिरस्कार केला होता, आणि वनातील मुळे-फळे खाऊन तो बरा झाला होता. वाघाच्या चाहुलीने प्रिया किंचाळली. रामाने तिला शोधले, आपल्याच औषधाने बरे केले आणि तिच्याशी विवाह केला. त्यांच्या मुलांपासून कोलिय कुळ झाले, ज्या कुळाशी शाक्यांचे पिढ्यान्‌पिढ्या सोयरसंबंध राहिले.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. परंतु ज्यांनी ती जपली त्या बौद्ध आचार्यांना, तथागतांच्या आप्तकुळाची आद्यमाता त्वचारोगी होती असे सांगण्यात कोणताही कमीपणा वाटला नाही. प्रियेला खड्ड्यात टाकणारे तिचे सख्खे भाऊ होते, आणि तिला वर काढणारा तो रोग स्वतः भोगलेला मनुष्य होता, हेही त्यांनी नोंदवून ठेवले. आपल्या विहारांत वधू-वर मेळावे भरतात. तेथे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही कथा एकदा वाचावी, आणि मुलीच्या गालावरचा डाग पाहताना आपण भावांच्या बाजूला उभे आहोत की रामाच्या, हे स्वतःला विचारावे.